दोन्ही ठेवा

दोन माणसांनी एकच ओळ दोन तऱ्हांनी लिहिली, तर खरी कुणाची हा प्रश्न मानवजातीइतकाच जुना आहे. सांगलीतल्या दादासो मगदुमांच्या सॉफ्टवेअर कंपनीनं तो निकालात काढला, आणि तोही कुणाचं मन न दुखवता.

कामाची पद्धत सर्वत्र असते तीच होती. प्रत्येकानं मूळ प्रोग्रॅमची आपली प्रत काढायची, तिला ब्रँच म्हणायचं, बदल करायचे आणि शेवटी सगळ्या ब्रँच एकत्र मर्ज करायच्या. दोघांनी एकच ओळ बदलली असली की कॉम्प्युटर अडून बसतो आणि विचारतो: आपलं ठेवू, त्यांचं ठेवू, की दोन्ही? इतर कंपन्या इथं विचार करण्यात वेळ घालवतात. दादासोंचा नियम होता: दोन्ही. आधार म्हणून त्यांनी लेकीची लग्नपत्रिका भिंतीवर लावली होती. तीत भावकीतलं एकही नाव गाळलेलं नव्हतं (नवरदेवाचं शोधायला चष्मा लागे), आणि लग्नात कुणी रुसलं नव्हतं. नियम झाल्यापासून कंपनीत कुणाचा कोड नाकारला गेला नाही. (तो चालतो का, हे नियमाच्या कक्षेबाहेर होतं.) रिबेस नावाचीही एक पद्धत असते. तीत वाद कधी झालाच नव्हता असा इतिहास लिहितात. ती भावकीत पूर्वापार असल्यानं वेगळं प्रशिक्षण लागलं नाही.

प्राचीला नियम आवडे, कारण ती नवी होती आणि त्यामुळं तिचाही कोड राही. अडचण आली ती कडेगावाकडच्या पाणी संस्थेच्या ॲपमध्ये. पाटाच्या पाण्याची पाळी कुणाची, हे शेतकऱ्याला मोबाइलवर कळवायचं होतं. ज्येष्ठ सहकारी अण्णाप्पांनी लिहिलं, पाळी पाटाच्या तोंडापासून सुरू. प्राचीनं लिहिलं, शेवटापासून. संस्थेचा ठराव शेवटापासूनचाच होता, आणि शेवटाला प्राचीच्या आईचा ऊस वाळत होता.

कॉम्प्युटरनं विचारलं. प्राचीचं बोट 'आपलं'वर गेलं. पण समोर अण्णाप्पा चहा पीत बसले होते, आणि नोकरीसाठी तिचं नाव त्यांनीच सुचवलं होतं. ती दादासोंकडं गेली.

"सर, दोन्ही ठेवलं तर दोन्ही टोकांना एकदमच पाळी लागंल. पानी खाली पोचायचं न्हाई."

दादासोंनी पत्रिकेकडं पाहिलं. "अण्णाप्पांचं काढलं तर त्यांना वाईट वाटंल, प्राचीताई. पान्याला काय वाटतंय?"

तिनं 'दोन्ही' दाबलं.

सोमवारी आईचा फोन आला. पाळीचा निरोप मिळाला म्हणून ती पहाटेपासून उसात जाऊन बसली होती. निरोप वेळेवर आला होता, शुद्ध मराठीत होता, आणि खाली 'आपले नम्र' म्हणून अण्णाप्पा व प्राची दोघांची नावं होती (तीही ओळ दोघांनी लिहिली होती). पाट कोरडा होता.

"तुजं नाव बगून लय बरं वाटलं," आई म्हणाली. "पानी कवा येनार, तेवढं सांग."

प्राचीला रडू आलं. तपासून सांगते, असं म्हणून तिनं फोन ठेवला. अण्णाप्पांना मात्र वाईट वाटलं नाही, म्हणजे नियम यशस्वी ठरला.

दादासोंना हसणाऱ्या वाचकांनी घरात आलेली भावकीतली शेवटची पत्रिका आठवावी. हातात पडल्यावर आपण आधी नवरीचं नाव वाचलं, की आपलं शोधलं? आणि ज्या पत्रिकेत ते सापडलं नाही, त्या लग्नाला आपण गेलो होतो का?