खासगी फटफटी

रघुवीर गुप्ते यांना दहा वाजता मार्गासनीत मुलगी बघायला पोचायचं होतं, आणि सकाळी सहाला ते नसरापुरात कोंडिबाच्या छपराखाली फटफटीला लाथा मारत होते.

रघुवीर भोर संस्थानच्या कचेरीत कारकून. एका गोऱ्या साहेबानं टाकून दिलेली फटफटी त्यांनी घेतली होती, आणि लढाईत बसऱ्याला लॉऱ्या दुरुस्त करून आलेल्या कोंडिबानं आठ महिने खपून तिचं इंजिन नव्यानं जुळवलं होतं. मुलीच्या वडिलांना, म्हणजे मार्गासनीच्या मास्तरांना, रघुवीरांनी ऐटीत कळवलं होतं, 'फटफटीवरून येतो.'

"पेटवायची न्हाई हां!" प्लग काढून रघुवीरांच्या खिशात टाकत कोंडिबा म्हणाला. "इंजान आतनं कोरडं ठाक हाय. आदी तेल समद्या अंगात फिराया पायजे. तेलाच्या टाकीत ह्या परतीच्या नळीतनं थेंब पडला, की मग पलग लावायचा. त्याच्या आदी पेटवली तर आठ म्हयन्याची मेहनत पाच मिन्टात जळून जाईल."

शंभर लाथा झाल्या. थेंब पडला नाही. रघुवीरांचा पाय मात्र सुजला.

"बसा वर," कोंडिबा म्हणाला. "गिअरात टाकून ढकलतो. चाक फिरलं की पंप फिरतोय. वाटंनं येईल तेल."

रघुवीर एक डोळा रस्त्यावर आणि एक टाकीत ठेवून बसले. गावच्या शिवेपर्यंत कोंडिबाचा दम संपला. त्यानं शेतातल्या दोघांना हाक मारली आणि तिथंच घोटाळा झाला. काळा कोट, टोपी, वर बसलेला साहेब आणि खाली घामाघूम माणूस, हे पाहून त्या दोघांनी ओळखलं, सरकारी वेठ! त्यांनी आणखी आठ जणांना बोलावून आणलं.

"अहो, वेठ कसली! ही गाडी खासगी आहे!" रघुवीर ओरडले.

हे बोलायला नको होतं. संस्थानात खासगी म्हणजे राजवाड्याचं स्वतःचं खातं. दहाही जणांनी वहाणा काढल्या, फटफटीला हात जोडले आणि ती पळवतच नेली. कोंडिबा मागं शिवेवर उभा राहून हात हलवत राहिला.

वेठीचा नियम असा, की एका गावानं आपल्या हद्दीपर्यंत न्यायचं आणि पुढच्या गावाच्या ताब्यात द्यायचं. दुसऱ्या शिवेवर पाटलानं फटफटी चहूबाजूंनी न्याहाळली आणि पावती लिहून दिली, 'खासगी फटफटी एक, साहेबासकट, धड पोचली.'

"पाटील, जरा उतरू द्या. झाडामागं जाऊन येतो."

"पावतीवर साहेबासकट लिवलंय," पाटील म्हणाला. "तुमी हरवलात तर आमी काय दावायचं?"

शेवटी रघुवीर झाडामागं गेले, पण दोघांनी त्यांच्या कोटाची टोकं धरून ठेवली होती.

बाराच्या ठोक्याला फटफटी मार्गासनीत शिरली तेव्हा मागं चाळीस माणसं होती. थेंब अजून पडला नव्हता. मार्गासनीचे चिमाजी पाटील पावती घेऊन मास्तरांच्या दारातच बसले.

आत पोहे आले, मागोमाग मास्तरांची सरोज आली. मास्तर म्हणाले, "विचारा काहीतरी."

रघुवीरांची नजर दाराबाहेर. "हं? अं... तुम्हीच विचारा."

सरोजनं बाहेर पाहिलं. "टाकीखालची ती तोटी आडवी का आहे? आमच्या घासलेटाच्या डब्याला तशीच आहे. आडवी असली की बंद असते."

"सरोज!" मास्तर ओरडले. पण रघुवीर पोह्यांची बशी हातात घेऊनच बाहेर धावले. तोटी बंदच होती! नसरापुरापासून चार गावांनी कोरडा पंप फिरवला होता.

सरोजनं पुढं होऊन तोटी उभी केली. चिमाजी पाटलांच्या हुकमानं मारुतीच्या देवळाला फेऱ्या सुरू झाल्या. तिसऱ्या फेरीला टाकीत टप् झालं. मग धारच लागली.

"आलं! आलं!" रघुवीर खिशातला प्लग लावून वर चढले. गाडी गिअरातच होती, ते त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. आणि त्यांच्या "आलं"चा अर्थ चाळीस माणसांनी "ढकला" असा घेतला.

फाट् फाट् फाट्! निम्मी माणसं ओढ्यात, उरलेली देवळात. वेगाच्या मुठीची तार अडकली होती, गाडी आवरेना. "मास्तर, मुलगी..." एवढंच ऐकू आलं आणि धुळीचा लोट वळणाआड गेला. रघुवीर थांबले ते थेट भोरला, तेही नदीच्या वाळूत.

आता कोणत्या तोंडानं पत्र लिहावं? चार दिवस त्यांनी दौतीला हात लावला नाही. पाचव्या दिवशी कचेरीत त्यांच्याच टेबलावर एक अर्ज आला.

'चिमाजी पाटील, मार्गासनी, यांचा अर्ज ऐसाजे. खासगी फटफटी आमच्या गावी येईतो गरीब होती. मास्तरांच्या मुलीनं तिला तेल पाजताच अंगात येऊन साहेबासकट पळाली. गावचा दोष नाही. साहेब जिवंत सापडला असल्यास लवकर कळवावे. मास्तरांच्या घरी होकार तयार असून, कोणाला द्यावा म्हणून खोळंबा झाला आहे.'

रघुवीरांनी इकडंतिकडं पाहिलं, अर्जावर मोठ्या अक्षरात शेरा मारला, 'सापडला. जिवंत आहे. तातडीचे,' आणि शिक्का उमटवला.