चावी बंद, गेनू बंद

आमचे शेजारी गेनूदादा गाडी थांबवली की लगेच उतरत नसत, आणि बरोबरच्यांनाही उतरू देत नसत. आधी चावी फिरवत, मग एकेकाची हजेरी घेत. "दिवा बंद. पंखा बंद. भोंगा बंद. गेनू बंद." मग चावी काढून टोपीखाली ठेवत आणि खरोखरच बंद होत. त्यानंतर भाडं किती, परत कधी निघायचं, काहीही विचारा, उत्तर मिळत नसे. एकदा राजूरच्या बाजाराला जाताना एका म्हातारीची कोंबडी हजेरी चालू असतानाच ओरडली. गेनूदादा थांबले, मान वळवून कोंबडीकडं पाहिलं, आणि दिव्यापासून पुन्हा सुरुवात केली. म्हातारीनं चोच मुठीत धरली तेव्हा कुठं सगळे उतरले.

गाडी म्हणजे लष्कराच्या लिलावातली छोटी लॉरी. पुढं दोघांपुरती जागा, मागं उघडा हौदा. दुसऱ्या मोठ्या लढाईत ते तसल्याच गाडीवर होते. लढाई संपून घरी आले आणि साठवलेल्या सगळ्या पगाराची ही गाडी घेऊन आले. डोंगरातल्या वाड्यांवरून हिरड्याची पोती भरायची, राजूरला, नाहीतर खाली तालुक्याच्या गावी, अकोल्याला नेऊन टाकायची. भाडं नसलं तेव्हा घरामागच्या छपरात कुणाचं इंजिन, कुणाचा कंदील दुरुस्त करत बसायचं.

लष्कराच्या गाडीला चावी नसते, नुसता खटका असतो, हे मला त्यांच्याकडून कळलं. गेनूदादांनी खटका काढून टाकला आणि नगरच्या भंगारबाजारातून एक चावीचं कुलूप आणून बसवलं. मग गाडीत जे जे म्हणून विजेवर चालत होतं, ते सगळं त्या चावीच्या मागं घेतलं. हौद्यातला पोती मोजायचा दिवा, डोक्यावरचा वीतभर पंखा, भोंगा, सगळं. चावी फिरली तर त्यांना वीज मिळणार, नाहीतर नाही. चावी चालू आहे हे कळावं म्हणून समोर एक बारीक लाल दिवाही लावला. आणि आम्हा आजूबाजूच्यांना गोळा करून शिकवलं, की इंजिन गप्प आणि लाल दिवा चालू असं ज्याला दिसेल त्यानं चावी बंद करावी. "मला इचारत बसू नका. आधी बंद, मंग बोलणं."

मला ते मास्तरीण म्हणत. मास्तर माझे यजमान, मी चौथी शिकलेली. पण समजावून सांगायचं असलं की ते मलाच हाक मारत, कारण मी मधे बोलत नसे. बाकीचे हसत. मीही पदराआड हसले आहे.

सगळ्यात जास्त हसलो ते पाटलांच्या घरच्या लग्नात. गोरज मुहूर्त होता, आणि गेनूदादांच्या हौद्यातला दिवा तारेनं मांडवात आणला होता. मांडवात विजेचा दिवा गावानं तेव्हा पहिल्यांदा पाहिला. ऐन वेळी नवरीचा मामा रुसला. त्याची समजूत घालता घालता अंधारून आलं. पेट्रोल जळतंय म्हणून गेनूदादांनी इंजिन बंद केलं, चावी काढली. दिवा गेला. पाटील म्हणाले, "लाव की रे गेनू." गेनूदादा म्हणाले, "बंद गाडीत दिवा न्हाई. मामाला आधी चालू करा." शेवटी अंतरपाट अंधारातच धरला आणि निम्म्या अक्षता न्हाव्याच्या डोक्यावर पडल्या.

त्या रात्रीपासून पाटील त्यांना चावीवाला म्हणू लागले. वैनी, म्हणजे गेनूदादांची बायको सखूबाई, पाटलांच्याही वरच्या. पाणवठ्यावर म्हणायच्या, "आमच्या गाडीला चावी हाय, पन मालकाच्या डोसक्याला कुठं हाय." तारांना घालायच्या कापडी नळ्या मात्र त्याच शिवत. गोधडीचं जुनं कापड, बारीक टाका. कुठली तार कशाची हे कळावं म्हणून दिव्याच्या नळीला लाल दोरा, भोंग्याच्या नळीला हिरवा.

चावीचं हे वेड कुठून आलं, ते वैनींनीच मला एकदा सांगितलं. लढाईत त्यांच्या तळावर एक गाडी उभ्या उभ्या जळाली होती. मधे चावी नाही, खटका नाही, एक तार थेट बॅटरीला जोडलेली होती. ती घासून उघडी पडली. गाडीत चार जण झोपले होते. "तवापासून ह्यांना जिती तार दिसली की घाम येतो," वैनी म्हणाल्या. मग मी हसणं कमी केलं.

पुढच्या वर्षी वैनींचं उजवं अंग गेलं. वाचाही गेली. अख्ख्या वाडीत सगळ्यांत धारदार जीभ होती ती, एका सकाळी गप्प झाली. डावा हात तेवढा राहिला. मधूनच खोकल्याची उबळ यायची, तेव्हा त्यांना लगेच कुशीवर वळवावं लागे, नाहीतर श्वास अडकायचा. गेनूदादा भाड्यावर गेले की मी त्यांच्यापाशी बसे. ते घरी असले की छपरात काम करत, आणि छपरात कानशीच्या आवाजात काही ऐकू येत नसे.

म्हणून त्यांनी घंटी बसवली. गाडी घराच्या भिंतीला लावून उभी करत. तिथून एक तार खिडकीतून आत, वैनींच्या डाव्या अंगठ्याखाली बटण, आणि घंटी छपरात. एकदा वाजली तर पाणी. दोनदा वाजली तर वळव. तीनदा वाजली तर काही नको, नुसतं येऊन बसा. चौथी खूण वैनींनी स्वतःच काढली. गेनूदादा गिऱ्हाईकाशी फार बोलत बसले की त्या बटणावरचा अंगठा काढतच नसत. घंटी नुसती ठणाणत राही. गेनूदादा गिऱ्हाईकाला म्हणत, "तोंड परत आलं बघा तिचं." आणि उठत.

रोज सकाळी ते गाडी कुठंही न नेता अर्धा तास नुसतं इंजिन चालू ठेवू लागले. इतका पेट्रोलचा हिशेबी माणूस. आम्ही म्हणायचो, गेनूदादा गाडी तापवतात, दुधासारखी. कशासाठी, ते कुणी विचारलं नाही. घंटीची तार कुठं जोडली आहे, हे मीही कधी विचारलं नाही.

हिवाळ्यातली दुपार होती. मी वैनींना पेज भरवायला गेले. चार चमचे घेऊन त्यांनी डोळे मिटले. मी भांडं घेऊन बाहेर आले तर गाडीत लाल दिवा चालू. इंजिन गप्प. टोपीखाली असायची ती चावी गाडीतच लटकलेली. छपरातून कानशीचा आवाज येत होता. मला वाटलं, बायकोच्या दुखण्यानं बिचारे विसरले. मी कधी कुणाच्या वस्तूला हात लावणारी नव्हे. पण शिकवलेलं मला नीट आठवत होतं, आणि एकदा तरी आपण बरोबर करून दाखवावं असं वाटलं. मी चावी फिरवली. लाल दिवा गेला. मनातल्या मनात "दिवा बंद, पंखा बंद" म्हटलं. चावी हरवू नये म्हणून त्यांच्या दारामागच्या खिळ्याला अडकवली आणि घरी येऊन तांदूळ निवडत बसले.

निम्मं सूप निवडून झालं असेल. कानस थांबली. मग बराच वेळ काहीच आवाज नाही. मग गेनूदादांनी मला हाक मारली, नेहमीसारखी मास्तरीण अशी नाही, नुसतीच हाक.

वैनींचा अंगठा बटणावर होता. त्यांनी तो इतका दाबला होता की नख पांढरं पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी अकोल्याहून वैनींचा भाऊ आला. त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, की अंगठा बटणावर होता तर घंटी का वाजली नाही. तेव्हा मला कळलं. घंटीही चावीच्याच मागं होती. थेट तार घरात, बायकोच्या अंथरुणापर्यंत न्यायची त्यांना भीती. म्हणून घरी आले की सगळ्यांची नजर चुकवून ते चावी पुन्हा चालू करत. सकाळी इंजिन चालवत तेही त्यासाठीच, बॅटरी भरलेली राहावी म्हणून. स्वतःचाच नियम मोडताना कुणी पाहू नये म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं.

"मंग ती बंद कुनी केली?" भावानं विचारलं.

गेनूदादा खाली बघत होते. "मीच. सवयीनं हात गेला."

"म्हंजी तुमीच मारली तिला. तुमच्या त्या चावीनं."

"व्हय," गेनूदादा म्हणाले.

मी दाराआड उभी होते. पदराचा बोळा तोंडात धरला होता. त्यांना खरंच तसं वाटतंय, हात आपलाच गेला असं ते समजताहेत, हे ऐकून मला आधी सुटल्यासारखं झालं. मी किती हलक्या मनाची होते ते त्या दिवशी मला दिसलं. मी बोलले नाही. त्या दिवशी नाही, तेराव्याला नाही, पुढंही नाही. मास्तरांनाही सांगितलं नाही. वैनींचा भाऊ पाणीही न घेता निघून गेला.

गेनूदादा पुन्हा भाड्यावर जाऊ लागले. हजेरी चालू होती. दिवा बंद, पंखा बंद, भोंगा बंद. तिथंच थांबत. पुढचं नाव घ्यायचं त्यांनी सोडलं. पाटीलही आता चावीवाला म्हणत नसत.

पुढच्या पावसाळ्याअखेर मला दिवस गेलेले होते. मास्तरांची बदली भंडारदऱ्याकडच्या शाळेवर झाली. ते शनिवारी येत, सोमवारी जात. एका शनिवारी गेनूदादा मास्तरांशी काहीतरी बोलून गेले. सोमवारी सकाळी मास्तर निघून गेल्यावर ते तारेचं भेंडोळं घेऊन आमच्या दारात उभे राहिले. मला म्हणाले, "मास्तरांना इचारलंय. तुमी एकल्या असता." मी नको नको म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. भिंतीला भोक पाडून तार माझ्या उशापर्यंत आणली आणि बटण बसवलं. तारेवर वैनींनी शिवलेली नळी होती. बारीक टाका. दोरा पिवळा होता. पिवळा दोरा मी कधी पाहिला नव्हता; दुखण्याआधीच शिवून ठेवलेली असणार.

मग त्यांनी गाडीचं झाकण उघडलं आणि मला जवळ बोलावून दाखवलं. तारेचं टोक चावीकडं गेलं नव्हतं. ते थेट बॅटरीला जोडलं होतं. मधे एक छोटी चिनी मातीची पेटी, तिच्यात केसासारखी बारीक तार.

"जास्त वीज आली का ही जळंल," ते म्हणाले. "घर न्हाई जळायचं. एवढंच करायचं हुतं." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "आता ही चावीमागं न्हाई, मास्तरीण. चावी कुनी बी बंद केली, काढून खिळ्याला लावली, तरी वाजंल."

चावी ते टोपीखाली ठेवत. आयुष्यात कधी खिळ्याला लावली नव्हती.

मी काही बोलणार तोवर त्यांनी झाकण खाली केलं. "मी छपरात जातो. तुमी एकदा दाबून बघा."

मी आत गेले. अंगठा बटणावर ठेवला आणि कितीतरी वेळ दाबवेना. मग एकदाच दाबलं. छपरात घंटी वाजली. वैनी गेल्यापासून पहिल्यांदा.

मी दारात आले. गेनूदादा छपरातून लगबगीनं बाहेर पडले होते. हातात पाण्यानं भरलेला तांब्या. अर्धं अंगण ओलांडून ते आपल्या घराच्या दाराशी पोचले आणि तिथं थांबले. आत अंथरूण नव्हतं. तांब्यातलं पाणी त्यांच्या पायांवर सांडत होतं.

मी अंगणात गेले. त्यांच्या हातातून तांब्या घेतला आणि तिथंच उभ्यानं सगळं पाणी प्यायले. रिकामा तांब्या परत दिला. त्यांनी तो आत वाकून पाहिला, जसं बॅटरीतलं पाणी बघत तसं.

"घंटी चालू," ते म्हणाले आणि छपराकडं गेले.