पाच देशांत जपलेली गीताबाई

"आईचा आवाज पाच देशांत ठेवलाय! शंभर वर्षं त्याला काय होत नाय!"

हे कडुबाच्या तोंडून ऐकलं नाही असा माणूस पुंडलिकनगरात उरला नव्हता. एसटीतला निवृत्त कंडक्टर तो, आवाज भरल्या गाडीला पुरणारा. त्याच्या आईच्या, गीताबाईच्या, जात्यावरच्या ओव्यांची कॅसेट तीन वर्षांपूर्वी 'जागतिक स्मृती-जतन परिषदे'नं नेली, परत आणून दिली आणि वर सोनेरी काठाचं प्रमाणपत्र दिलं, हे भाजीवालीलासुद्धा पाठ झालं होतं.

गीताबाईला जाऊन रविवारी वर्ष होणार होतं. सिल्लोडजवळच्या वावरात पुण्यानुमोदन ठरलं. "भंतेजींची वंदना झाली की आई सोता गाणार!" असं सांगून कडुबानं दोनशे माणसांना आवतण दिलं.

सोमवारी पेनड्राइव्ह घेऊन तो परिषदेच्या कार्यालयात गेला. एसीत टाय लावून शिवराजसाहेब बसले होते.

"काका, तुमचा संग्रह एकदम सुरक्षित आहे!"

"मग द्या भरून."

"असं देता येत नाही. जिनिव्हाला मुख्यालयात अर्ज करावा लागतो."

मंगळवारी उत्तर आलं. मूळ गायिकेची ताजी सही पाहिजे!

"अहो, तिचंच पुण्यानुमोदन हाये!"

"मग तिचा हयातीचा दाखला जोडा."

"मेलेल्या माणसाचा?"

"नमुन्यात तोच रकाना आहे. मी काय करू?"

कडुबाच्या टाळक्यातून कुकरसारखी वाफ निघाली. आई आपली, आवाज तिचा, अन् हात जोडायचे ह्यांच्यापुढं! तरी बुधवारी मृत्यूचा दाखला दिला, गुरुवारी वारसाचं प्रतिज्ञापत्र, शुक्रवारी त्या प्रतिज्ञापत्राचं इंग्रजी भाषांतर. शनिवारी मात्र तो टेबलावर मूठ आपटून बसला.

"तीस वर्षं फुकट्यांना गाडीतून उतरवलंय म्या! आवाज घेतल्याबिगर उठत नाय!"

अखेर फाईल उघडली. पडद्यावर कॅसेट आली. कॅसेटचा फोटो! आधी एक बाजू, मग दुसरी.

"काय स्वच्छ आलंय बघा! स्क्रूवरचा गंजसुद्धा दिसतो!"

"आवाज कुठंय?"

शिवराजनं कागद चाळले. "आवाज दुसऱ्या टप्प्यात उतरवायचा होता. तो टप्पा रद्द झाला. पण पहिला टप्पा शंभर टक्के पूर्ण!"

"म्हंजी तीन वर्षं पाच देश मिळून पलास्टिकच्या डबीचा फोटो सांभाळताय?"

"पाच प्रती आहेत, काका! आणि घाबरता कशाला? मूळ कॅसेट तुमच्याकडंच आहे ना? आत्ता आणा, आजच्या आज उतरवू."

अन् इथं कडुबाची आपटलेली मूठ हळूच टेबलाखाली गेली.

गेल्या महिन्यात मक्यावर पोपट तुटून पडले होते. कॅसेटची फीत वावरात ताणली की वाऱ्यानं भुणभुणते अन् पाखरू फिरकत नाही, हे तिकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. बायको, रत्नमाला, आडवी आली होती. "अहो, सासूबाईंची कॅसेट हाये ती!"

तेव्हा हाच बहाद्दर म्हणाला होता, "येडी का काय तू? आई पाच देशांत हाये!"

आता उन्हानं त्या फितीची कुरडई झाली होती, अन् पोपट मक्यावर तसेच होते.

रविवारी वंदना झाली. दोनशे माणसं कान देऊन बसली. कडुबा स्पीकरची वायर उगाच काढत होता, उगाच घालत होता. तेवढ्यात वारा सुटला अन् मक्यावर घुंऽऽग झालं.

"ऐका!" रत्नमाला दातओठ खात म्हणाली. "सासूबाई सुरू झाल्या!"

सगळं बाहेर पडलं. भावकी खवळली. कुणी कडुबाला बोललं, कुणी जिनिव्हाला. तेवढ्यात मागून काठी आपटत गावाकडची म्हातारी शेजारीण दगडाबाई उठली.

"आरं मेल्या, मी काय मेले व्हय? चाळीस वर्सं त्या जात्याला गीताबाईसंगं दुसरा हात कुणाचा होता? पाच देश हिंडलास, शेजारच्या घरी यायला पाय दुखले का?"

अन् तिनं सूर लावला.

"फिर जात्या गरागरा, पीठ पडू दे गव्हाचं,
लेकरू माझं शिकलं, देणं भीमरावाचं…"

तोच ठेका, तोच हेल. कडुबानं उपरण्यानं डोळे पुसले. दुसरी ओवी सुरू झाली, अन् त्याचा मोबाईल खणाणला. शिवराज!

"काका, काल तुम्ही फितीचं सांगून गेलात, ते मुख्यालयाशी बोललो. फीत खराब झाली असेल तर हरकत नाही. वावरातला तिचा एक छान फोटो पाठवा, सहावी प्रत करून टाकू!"

त्यावर कडुबानं जी शिवी हासडली, तीच खरी जतन करण्यासारखी होती. जे काम त्या फितीला महिनाभर जमलं नव्हतं ते त्या शिवीनं केलं. पुढं चार दिवस मक्यावर एक पोपट फिरकला नाही!