एका शेळीचे बारा महिने

"येत्या वर्षाच्या पोस्ट दिवाळीच्या आत तयार पाहिजेत," धाराशिवच्या ऑफिसात कृष्णराज सर म्हणाले, तेव्हा शिवांजलीला वाटलं, ते जानेवारीबद्दल बोलत आहेत. सर बाराही महिन्यांबद्दल बोलत होते.

संस्था शेळ्या पाळणाऱ्या बायकांसाठी काम करायची. मुख्य कार्यालय पुण्यात आणि शेळ्या धाराशिव जिल्ह्यात. या दोन्हींच्या मध्ये 'शेळीसखी' नावाचं एक ॲप होतं. लोहारा तालुक्यातल्या बऱ्याच बायका त्यात सभासद होत्या; म्हणजे नावं बायकांची होती, मोबाइल नवऱ्यांचे. रोज ॲपवर काहीतरी टाकायचं आणि बायकांना बोलतं करायचं, ही शिवांजलीची नोकरी. बायका काही बोलत नव्हत्या. जंताच्या औषधाची माहिती टाकली की दोन-तीन अंगठे यायचे, त्यातला एक शिवांजलीचाच असायचा.

"एंगेजमेंट कुठाय?" अशी पुण्याहून सारखी विचारणा व्हायची. सर तो प्रश्न जसाच्या तसा शिवांजलीकडे सरकवायचे. शिवांजलीने तो एकदा सास्तूरच्या बैठकीत बायकांपुढे ठेवला. "एंगेजमेंट वाढवायला काय करू या?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"आमच्या पोरीची, मोनिकाची जमल्यासारखी हाय," सिताबाई संकोचून म्हणाल्या. "पर तुमाला कुणी सांगितलं?"

शेवटी पुण्यानेच तोडगा काढला. वर्षभराचं नियोजन आधी करायचं, पोस्ट ॲपमध्ये भरून ठेवायच्या, ठरल्या दिवशी त्या आपोआप सुटतील. दर महिन्याला एका सखीची गोष्ट. आणि मजकूर शिळा वाटू नये म्हणून प्रत्येक गोष्टीची सुरुवात 'आज सकाळी' या शब्दांनी करायची.

"पण सर, फोटो तर सगळे ऑक्टोबरचे असणार," शिवांजली म्हणाली.

"शेळीच्या तोंडावर महिना लिहिलेला असतो का?" सरांनी विचारलं.

गाडी एकच दिवस मिळाली, म्हणून वर्षाचे सगळे फोटो सास्तूरलाच काढायचे ठरले. जुलैसाठी एका पत्र्यावर पाणी ओतून पागोळ्या काढल्या. डिसेंबरसाठी एका म्हातारीला भर उन्हात घोंगडीत गुंडाळून बसवलं. मार्च सिताबाईंच्या वाट्याला आला होता, पण त्यांच्या दोन्ही शेळ्यांना खरूज झाली होती.

"ह्या कशा दाखवायच्या?" सर म्हणाले. भूकंपानंतर बांधलेल्या घरांच्या ओळीत शेजारच्याच अंगणात एक शेळी बांधलेली होती. काळीभोर, तुकतुकीत, आणि कपाळावर पांढरा चंद्र. "ती कुणाची?"

"माझ्या धाकट्या जावंची, गजराची. चंद्री मनतेत तिला."

"बोलवा त्यांना."

"ती तुळजापूरला गेली चालत. कोजागिरीला."

"शेळी तर आहे ना घरी? बांधा इकडं."

"न इचारता?"

"पाच मिनिटांचं काम आहे, मावशी."

सिताबाईंनी चंद्री आणून आपल्या खुंट्याला बांधली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून हसल्या. मजकूर शिवांजलीने लिहिला. 'आज सकाळी सास्तूरच्या सिताबाईंच्या अंगणात एक नवी पाहुणी आली.' त्यातली 'नवी पाहुणी' ही सरांची भर होती. वाक्यात जीव येतो, म्हणाले.

जानेवारीत चंद्री नाहीशी झाली. गजराबाईंचा नवरा धनाजी शेळ्या घेऊन रानात गेला होता, संध्याकाळी परतला तेव्हा ती नव्हती. लांडग्याने नेली असेल, असं तो म्हणाला. गजराबाईंनी अन्न सोडलं. सिताबाई जावेला घेऊन ओढ्याकाठानं, बांधाबांधानं शोधत फिरल्या आणि शेवटी तिला स्वतःच्या हाताने भाकरी भरवली. ऑफिसला यातलं काही कळलं नाही. अशी बातमी ॲपवर कोणी टाकत नसे.

मार्च उजाडला आणि ॲपने आपलं काम चोख केलं.

पहिली प्रतिक्रिया गजराबाईंच्या नावाने आली, म्हणजे धनाजीच्या मोबाइलवरून. 'ही आमची चंद्री हाय.' त्याखाली कोणीतरी लिहिलं, 'लांडगा घावला.' मग मात्र बोलायला कोणाला सांगावं लागलं नाही. ज्या बायकांनी कधी जंताच्या औषधाला अंगठा दिला नव्हता, त्यांचे नवरे परिच्छेदच्या परिच्छेद लिहायला लागले. सिताबाईंची कोंबडी गेल्या वर्षी कोणाच्या परसात चरत होती, इथपासून त्यांच्या माहेरच्या माणसांपर्यंत सगळं निघालं.

दुपारी सर केबिनमधून बाहेर आले ते प्रसन्न चेहऱ्याने. "सास्तूरला काय टाकलंस? पुण्याहून फोन होता. एंगेजमेंट एकदम वर गेलीय."

"सर, त्या बाईंना लोक चोर म्हणतायत. शेळी जानेवारीतच हरवली होती. फोटो ऑक्टोबरचा आहे, असं मी आत्ता टाकते."

"थांब. मग 'आज सकाळी'चं काय सांगणार? बाकीच्या अकरा महिन्यांचं काय? देणगीदार वाचतात ते." सरांनी आवाज खाली आणला. "शांत राहा. लोक विसरतात."

लोक विसरले नाहीत. धनाजी तर मुळीच नाही. त्याने जानेवारीतच नवा, मोठ्या पडद्याचा मोबाइल घेतला होता, आणि सकाळ-संध्याकाळ त्यावरून गजराबाईंच्या नावाने अन्याय मांडत होता. दोन्ही अंगणांच्या मधल्या वाटेवर त्याने काटे टाकले. मोनिकाची सोयरीक जिथे जमत होती, त्या उमरग्याच्या पाहुण्यांनीही ती पोस्ट बघितली आणि निरोप पाठवला, सध्या थांबू.

शिवांजली रजा टाकून एसटीने सास्तूरला गेली. सिताबाईंनी तिला पाणी दिलं आणि स्वतः उंबऱ्यात बसल्या.

"वाढली का तुमच्या सरांची एंगेजमेंट?"

"वाढली," शिवांजली खाली बघत म्हणाली.

"आमची मोडली."

शिवांजली काटे ओलांडून गजराबाईंकडे गेली. गजराबाई ज्वारी निवडत होत्या, धनाजी बाजेवर मोबाइल घेऊन पडला होता. तिने सगळं सांगितलं. फोटो कोजागिरीचा आहे, शेळी सरांनी बांधायला लावली, सिताबाईंनी नको म्हणून बघितलं होतं. गजराबाईंनी सूप खाली ठेवलं.

"कोजागिरीचा फोटू, मग आज सकाळी कशामुळं लिवलं?"

"तसं लिहायची आमच्याकडं पद्धत आहे."

"खोटं लिवायची?"

धनाजी बाजेवर उठून बसला. "वैनीनं हिलाच फोडलंय. काय बोलायलाव बाई तुमी? फोटू कधी खोटं बोलतो व्हय?"

तिने तिथेच अंगणात उभं राहून खरं काय ते ॲपवर लिहिलं आणि स्वतःच्या नावाने टाकलं. त्या पोस्टला दोन अंगठे आले. एक मोनिकाचा होता, दुसरा चुकून पडला होता आणि थोड्या वेळाने काढला गेला. एसटी धाराशिवला पोचायच्या आत सरांनी पोस्टच काढून टाकली. त्यावर सास्तूरकरांचं एकमत झालं. काढली, म्हणजे खोटीच होती.

शिवांजलीला समज देण्यात आली. पण प्रकरण पुण्यात पोचलं होतं आणि पुण्याला त्यात संधी दिसली. दोन जावांमधला वाद, संस्थेची मध्यस्थी, अश्रू, समेट. एप्रिलच्या गोष्टीच्या जागी नेमकं बसत होतं. संस्थेने गजराबाईंना नवी शेळी द्यायची आणि दोघी जावांनी कॅमेऱ्यापुढे गळाभेट घ्यायची, असं ठरलं.

"काळी बघ," सरांनी ड्रायव्हर बजरंगला सांगितलं. "कपाळावर पांढरं असलं तर उत्तम. आधीच्या फोटोशी जुळलं पाहिजे."

बजरंग कामाचा माणूस होता. तुळजापूरच्या बाजारात फिरून त्याने शेळी शोधली आणि ठरल्या दिवशी टेम्पोत घालून सास्तूरला आणली. गजराबाईंच्या अंगणात मांडव होता, हार होता, अर्धं गाव होतं. सिताबाईंना सरांनी स्वतः घरी जाऊन, हात जोडून आणलं होतं. मोनिकाच्या पाहुण्यांचं मन वळेल, असं काहीतरी त्यांना सांगितलं होतं. धनाजी पुढे उभा राहून आपल्या मोबाइलवर सगळं टिपत होता.

टेम्पोचं फळकूट पडलं. शेळी खाली उतरली, हार घेऊन वाकलेल्या सरांच्या बाजूने निघाली, माणसांच्या पायांतून वाट काढत अंगणाच्या कडेच्या जुन्या खुंट्यापाशी गेली, तिथलं दगडी कुंडं हुंगलं. मग वळून धनाजीकडे आली आणि त्याच्या सदऱ्याच्या खिशात तोंड घालायला लागली. धनाजी खिशात शेंगा ठेवत असे.

"लई हुशार हाय," बजरंग शिवांजलीला हळूच म्हणाला. "ज्याच्याकडनं घेतली त्यो मनला, जानेवारीत सास्तूरकडच्याच माणसानं इकली. इथलीच असंल कुणाची तरी."

गजराबाई पुढे आल्या. त्यांनी शेळीचा डावा कान उलटून बघितला. तिथली चीर त्यांच्या बोटांना न बघताही सापडली असती. मग त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि तिथून नजर त्याच्या हातातल्या मोबाइलवर आली. धनाजीचा हात हळूहळू खाली गेला. दोन पावलांवर उभ्या असलेल्या सिताबाईंनी हे सगळं बघितलं.

"बोला, गजराबाई," सरांनी कॅमेरा वळवला. "कसं वाटतंय?"

सगळं गाव गजराबाईंकडे बघत होतं.

"लई चांगलं वाटतंय," त्या म्हणाल्या. आवाज कोरडा होता. "संस्थेनं नवी शेळी दिली. दिसायला आमच्या चंद्रीवानीच हाय."

टाळ्या झाल्या. गळाभेटीसाठी सर सिताबाईंना शोधायला लागले, पण त्या आपल्या घराकडे चालायला लागल्या होत्या. शिवांजली मागोमाग धावली.

"मावशी, मी लिहिते सगळं. बजरंगला विचारून, पुराव्यानं लिहिते. या वेळी काढू देणार नाही."

"लिवा की," सिताबाई न थांबता म्हणाल्या. "मंग गजरानं कुठं जावं, त्ये बी लिवा. त्या घरात तिला नांदायचंय. तुमी लिवून धाराशिवला जाणार."

"आणि तुमचं?"

"न लिवलं तर मी चोर. आता तुमीच बघा, काय जमतंय."

शिवांजलीने बघितलं. काहीच जमण्यासारखं नव्हतं. तिने लिहिलं नाही. घरी येऊन आईवर विनाकारण ओरडली आणि न जेवता झोपली.

पुण्याला मात्र त्या दिवसाच्या चित्रणात वेगळंच काही दिसलं. नवी शेळी टेम्पोतून उतरते काय, शेकडो माणसांतून नेमक्या एका माणसाकडे जाते काय, त्याच्या छातीशी तोंड लावते काय. मुक्या जिवाला प्रेमळ माणूस पहिल्या भेटीत कळतो, असा मथळा देऊन त्यांनी तो तुकडा पसरवला. लाखो लोकांनी तो बघितला. परदेशातल्या मराठी मंडळांनी डोळे पुसले. कृष्णराज सरांकडे आणखी दोन जिल्हे आले. धनाजीला 'शेळीमित्र' ठरवण्यात आलं, आणि पुढच्या वर्षी बाराही महिने त्याचीच गोष्ट सांगायची, असं नियोजन पुण्याने पाठवलं.

ऑक्टोबरात पुन्हा गाडी सास्तूरला आली. धनाजी इस्त्रीचा सदरा घालून, फेटा बांधून तयार होता. चंद्रीला धुऊन पुसून उभी केली होती.

"मागे एखादी सखी पाहिजे," सर कॅमेऱ्यातून बघत म्हणाले. "नाहीतर ॲप बायकांचं आहे, हे कळणार कसं? गजराबाई?"

गजराबाई डोकं दुखतंय म्हणून आत जाऊन पडल्या होत्या. जमलेल्या बायकांनी पदर ओढून मान फिरवली. कोणी पुढे येईना. तेवढ्यात मधले काटे पायाने बाजूला सारून सिताबाई आल्या. स्वच्छ लुगडं नेसलेल्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. धनाजीच्या खांद्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

सरांना आनंद झाला. "वा, मावशी. याला म्हणतात मोठं मन. हं, धनाजीराव, हसा."

धनाजीने हसायचा प्रयत्न केला. ओठ फाकले, पण डोळे मागे मागे जात होते.

"मी काय बोलणार न्हाय, भावजी," सिताबाई हळू आवाजात म्हणाल्या. "नुसती हुबी ऱ्हाते. तुमी हसा."

जानेवारीचा फोटो झाला. फेब्रुवारीचा झाला. दर महिन्याच्या फोटोआधी सिताबाई घरात जायच्या, लुगडं बदलायच्या आणि नेमक्या त्याच जागी येऊन उभ्या राहायच्या. मे महिन्यापर्यंत धनाजीचा सदरा पाठीला चिकटला होता. भिंतीशी उभ्या असलेल्या बायकांची कुजबुज केव्हाच थांबली होती. त्या आता धनाजीकडे टक लावून बघत होत्या.

सरांनी काढलेले फोटो मागे-पुढे करून बघितले. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हा माणूस प्रत्येक फोटोत असा का दिसतोय?"

"कसा, सर?" शिवांजलीने विचारलं.

"पकडल्यासारखा."

"ऊन डोळ्यांवर येतंय," शिवांजली म्हणाली. "जून घेऊ या."

सिताबाई हिरवं लुगडं नेसून दारात आल्याच होत्या.