कंट्रोलचा गहू

मला एखादं काम सांगा, मी हमखास घोळ घालतो. पण काहीच न करण्याचं काम सांगा! त्यात माझा हात धरणारा मिळायचा नाही. माझं चष्म्याचं दुकान आहे, आणि पावसाने दगा दिल्यापासून तिथे मी दिवसभर तेच करतो. पाणी विकत घेणारा माणूस चष्मा कशाला बदलेल? तडकलेल्या काचेतूनही टँकर दिसतो!

म्हणून बायकोने गव्हाच्या कुंड्या माझ्यावर सोपवल्या तेव्हा मी छाती ठोकून म्हणालो, "तू निर्धास्त जा!"

तिची आई परगावी हॉस्पिटलात होती. डॉक्टरांनी जवळच्या माणसांना बोलावून घ्या असं सांगितलं होतं. बायको पिशवीत कपडे कोंबत होती आणि तोंडाने मला पढवत होती.

"पाणी द्यायचं नाही. एकाही कुंडीला नाही."

"नाही देणार."

"सुकायला लागली तरी नाही."

"अगं, मी स्वतः अंग पुसून दिवस काढतोय, गव्हाला कुठून देऊ?"

"चेष्टा नको रे! माझी इतकी वर्षं आहेत त्या कुंड्यांमध्ये."

ती मातीचा अभ्यास करते. तिच्या संस्थेच्या काचघराचं छप्पर वाऱ्याने उडालं, दुरुस्तीला कुणी येईना, म्हणून तिने कुंड्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर आणून मांडल्या होत्या. अर्ध्या कुंड्यांच्या मातीत तिने बुरशी घातली होती. भाकरीवर येते ती नव्हे, ही चांगल्या घरची बुरशी! गव्हाच्या मुळांना धरून राहते, केसासारखे धागे लांब सोडते आणि मुळं पोचत नाहीत तिथला ओलावा ओढून आणते. बदल्यात गहू तिला साखर पुरवतो.

"म्हणजे संसारच की!" मी म्हणालो होतो.

"फरक इतकाच, की तिथे दोघंही काम करतात," बायको म्हणाली होती.

उरलेल्या अर्ध्या कुंड्यांत नुसती माती होती. तो गहू पाण्यावाचून वाळणार आणि बुरशीवाला तग धरणार, असा तिचा हिशोब. "हा वाळल्याशिवाय तो तगला हे सिद्ध कसं होणार?" ती म्हणायची. वरचे साहेब येऊन बघणार होते. त्यांना पटलं, तर येत्या पेरणीला कोरड्या गावांतून बियाण्याबरोबर ही बुरशी वाटली जाणार होती. नाही पटलं, तर काम बंद. कुंड्यांवर तिने पट्ट्या चिकटवल्या होत्या. अर्ध्यांवर ठसठशीत अक्षरांत 'बुरशी' आणि अर्ध्यांवर 'कंट्रोल'. कंट्रोल म्हणजे ज्याला काहीच दिलेलं नाही, नुसता तुलनेला ठेवलेला. हे मला ठाऊक होतं. इमारतीला ठाऊक नव्हतं, आणि तिथेच माशी शिंकली.

पहिले काही दिवस सगळं बायकोने सांगितल्याबरहुकूम चाललं. कंट्रोलच्या गव्हाने माना टाकल्या, पानं गुंडाळली. मी रोज गच्चीवर जाऊन मन लावून काही करत नसे. मग एका सकाळी बघतो तर काय, कंट्रोलच्या गव्हाने मान वर केलेली! दुसऱ्या दिवशी पानं उलगडली. पुढे तर तो असा तरारला, की अख्ख्या शहरात तेवढं एकच हिरवं उरलं असावं! आणि बुरशीवाला? टिकून होता बिचारा, पण रोड, फिकट, टोकाशी पिवळा.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. मागे हॉस्पिटलातल्या कसल्याशा यंत्राची टिकटिक ऐकू येत होती.

"आई ओळखत नाहीये आता," ती म्हणाली. मग, "कंट्रोल वाळला का रे?"

काय सांगू? आईच्या उशाशी बसलेल्या बाईला सांगू, की तुझा प्रयोग उलटा चाललाय?

"वाळतोय, वाळतोय!" मी म्हणालो. "बघवत नाही अगदी!"

"बरं झालं बाई," ती म्हणाली. तिच्या आवाजात इतक्या दिवसांनी जरा जीव आला आणि माझा मात्र अर्धा गेला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी गच्चीवरच्या टाकीमागे दबा धरून बसलो. टाकी रिकामीच होती, त्यामुळे गार सावलीची सोयही नव्हती. थोड्या वेळाने दार करकरलं आणि शेजारच्या शिलाईवाल्या मावशी आल्या. इकडेतिकडे बघून त्यांनी पदराखालून तांब्या काढला आणि कंट्रोलच्या कुंड्यांत थोडं थोडं पाणी घातलं. त्या गेल्या तोच जिन्यात पावलं वाजली. निवृत्त पोस्टमास्तर! हातात औषधाची बाटली, बाटलीत पाणी. ते गेले, तर खालच्या मजल्यावरचा रिक्षावाला आला. त्याने स्वतःच्या पाण्याच्या बाटलीतले दोन घोट स्वतः प्यायले आणि उरलेलं पाणी गव्हाला पाजलं!

एकाचा दुसऱ्याला पत्ता नव्हता. पाणी वाया घालवील त्याचा नळ तोडू, अशी पाटी मीच जिन्यात लावली होती ना, इमारतीचा सेक्रेटरी म्हणून! नळाला पाणी येत नव्हतं ही गोष्ट वेगळी, पण पाटीचा दरारा होता.

मी पोस्टमास्तरांना जिन्यातच गाठलं.

"मास्तर, तुम्ही गव्हाला पाणी घालता?"

म्हातारा वरमला नाही. उलट माझ्यावरच उखडला!

"घालतो! तोडा माझा नळ! अहो, कंट्रोलच्या गव्हावर वाढलेला माणूस आहे मी. रेशनच्या रांगेत उभं राहून आणायचो आम्ही. किडका असायचा, खडे असायचे, पण त्यानेच जगवलं आम्हा भावंडांना. आणि तुम्ही त्याला उन्हात असा मारता?"

"अहो, हा तो कंट्रोल नव्हे!"

"पट्टी वाचता येते मला. जन्मभर पत्तेच वाचले."

"बरं, मग बुरशीच्या कुंड्यांना का नाही घालत?"

"बुरशी लागलेल्याला कशाला? रोग पसरेल की! त्या तुम्ही खरं तर फेकायला हव्यात."

मी डोक्याला हात लावला. जिन्यातल्या जिन्यात त्यांना प्रयोग समजावला. घसा कोरडा पडेपर्यंत समजावला, पण मास्तरांना तो रेशनचाच गहू दिसत होता! शेवटी म्हणालो, "तेव्हा मास्तर, तो कंट्रोल मरायलाच हवा! तो मेला तरच माझ्या बायकोचं भलं होईल!"

नेमक्या त्याच वेळी मावशी वर येत होत्या. त्यांनी शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं.

"शिव शिव!" त्या म्हणाल्या. "तिकडे सासूबाई शेवटच्या घटका मोजताहेत आणि जावई इथे कुणाच्या मरणावर टपलाय!"

संध्याकाळपर्यंत इमारतीत कुणी माझ्याशी बोलेना.

मी गच्चीला कुलूप ठोकलं. पण साहेबांची भेट परवावर आली होती आणि कंट्रोलची माती अजून ओली! मग माझ्या डोक्यात ती भिकार कल्पना शिरली. बायकोचा हेअर ड्रायर काढला, जिन्यातल्या प्लगपासून लांबलचक वायर ओढली आणि एकेका कुंडीच्या मातीवर गरम हवा सोडत बसलो. ड्रायर घोंगावत होता, माती वरवर पांढरी पडत होती, आणि एवढ्यात फोन वाजला.

"आई गेली रे," बायको म्हणाली.

मी चालू ड्रायर हातात घेऊन तसाच उठून उभा राहिलो. सासूबाईंनी मला कधी जावईबापू म्हटलं नाही, नेहमी 'आमचा चष्मेवाला' म्हणायच्या आणि वाढताना माझ्याच ताटात जास्त वाढायच्या.

"कसला आवाज येतोय?" तिने विचारलं.

"काही नाही. वारा सुटलाय."

गरम हवेचं तोंड कुठे आहे याचं मला भानच नव्हतं. वळून बघतो तर बुरशीच्या एका कुंडीतला गहू पापडासारखा झालेला! मी किंचाळलो. किंकाळी ऐकून इमारत वर धावली, आणि सर्वांनी मला बघितलं: एका हातात फोन, दुसऱ्या हातात ड्रायर, पुढ्यात हिरव्या गव्हाची रांग. रिक्षावाल्याने ड्रायर काढून घेतला. मास्तरांनी किल्ली काढून घेतली. मी दोन्ही देऊन टाकली.

साहेब आले त्याच सकाळी बायको परतली. डोळे सुजलेले, अंगावर दोन दिवसांचे कपडे. पिशवी खाली न ठेवता ती तशीच गच्चीवर चढली. कंट्रोलचा गहू वाऱ्यावर डुलत होता. कुंडीखाली पाण्याचं तळं साचलं होतं!

साहेबांनी दोन्ही रांगा बघितल्या, नाक पुसलं आणि म्हणाले, "बाई, हे तर उघडच आहे. तुमच्या बुरशीनेच गहू खराब होतोय."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. ती वाकली, बुरशीच्या कुंडीतली कोरडीठाक माती तिने बोटांत चुरली.

"याला एक थेंब मिळालेला नाही, साहेब. तरी उभा आहे. त्या दुसऱ्या रांगेला पाणी घातलं गेलंय."

"कशावरून?"

"दिसतंय की."

"मग तुलनाच राहिली नाही. निष्कर्ष काय लिहू मी?"

तिने हातातली माती कुंडीत परत टाकली. खोटं बोलली असती तर कदाचित वाचली असती, पण तिला ते येत नाही. साहेब खाली उतरता उतरता म्हणाले, या पेरणीला तरी विसरा, पुढचं पुढे बघू. पुढचं कुणी बघत नसतं, हे तिलाही माहीत होतं. ती कोरडी गावं यंदाही तशीच पेरणार होती.

मी म्हणालो, "माझं चुकलं." ती म्हणाली, "तू फोनवर सांगायचं होतंस." बस्स, एवढंच. त्यापेक्षा तिने ड्रायर डोक्यात घातला असता तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी अख्खी इमारत सांत्वनाला आली. सगळे भिंतीला टेकून बसले. मग पोस्टमास्तरांनी घसा खाकरला.

"पोरी, आई गेली, फार वाईट झालं. त्याला आपला इलाज नाही. पण एवढं सांगतो, तुझा गहू मात्र आम्ही मरू दिला नाही!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी डोळे मिटून घेतले. आता ही फुटणार, आता ही सगळ्यांना हाकलून देणार!

"काका," बायको म्हणाली, "फार उपकार झाले." आणि आल्यापासून पहिल्यांदा ढसाढसा रडली. मावशींनी तिला जवळ घेतलं. "रड बाळा, आईच ती!" आईसाठी रडत होतीच. पण आणखी कशासाठी रडत होती ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं, आणि मला कुणी विचारत नव्हतं.

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले आणि मला हळूच म्हणाली, "सगळ्यांना चहा तरी कर."

मी आत गेलो. हंडा उपडा केला, कोरडा. बादली कोरडी. मग पातेलं घेऊन बाहेर आलो आणि मावशींच्या कानाशी लागलो, "मावशी, चहापुरतं पाणी द्याल का? उद्या टँकर आला की परत करतो."

मावशी चपापल्या. त्यांनी मास्तरांकडे बघितलं, मास्तरांनी रिक्षावाल्याकडे बघितलं, रिक्षावाल्याने छताकडे.

"अहो, कुठलं पाणी?" मावशी म्हणाल्या. "आज साहेब बघायला येणार म्हणून इमारतीतलं होतं नव्हतं ते सगळं पहाटेच कंट्रोलला घातलं की!"