बाहुलीला केस मिळाले!

"कुरळे केस? अहो, डोळे मिटून करून देईन!" बाहुल्या शिवून देणाऱ्या बाहुलीकाकूंनी डॉक्टरीणबाईंना छाती ठोकून सांगितलं होतं. डॉक्टरीणबाईंच्या लेकीचे केस स्प्रिंगसारखे कुरळे. शाळेतल्या पोरी तिला 'काथ्या' म्हणून चिडवायच्या. म्हणून वाढदिवसाला तिला तिच्यासारखीच बाहुली हवी होती. आज, संध्याकाळी!

काकूंनी लोकर विणायच्या सुयांना घट्ट गुंडाळली, भिजवली आणि मंद आचेवर ओव्हनमध्ये वाळत ठेवून त्या जरा आडव्या झाल्या. जाग आली ती जळक्या वासाने!

"अहो! ओव्हनला हात कोणी लावला?"

"मीच," काका अभिमानाने म्हणाले. "वाटलं, पाव आहे. कच्चा राहील म्हणून आच वाढवली."

आत लोकरीचा कोळसा झाला होता. काकूंना ब्रह्मांड आठवलं!

"आता बाजारात जा! बाहुलीचे तयार कुरळे केस मिळतात, ते आणा. आणि हात हलवत येऊ नका!"

काका पायांत चपला सरकवून पळाले. काकूंनी बाहुलीला फ्रॉक चढवला, बूट घातले, ओठ रंगवले. डोकं मात्र अंड्यासारखं गुळगुळीत! घड्याळ काही थांबेना. तोंडावर पाणी मारायला त्या बाथरूममध्ये गेल्या, तर खुंटीवर काळेभोर, कुरळे केस निथळत होते!

"आले वाटतं! धुऊनसुद्धा ठेवले! संसारात पहिल्यांदाच ह्यांनी शहाणपणाची खरेदी केली!"

केस जरा मोठे होते, पण काकूंची कात्री कसली ऐकते! कचाकच कापले, टाके घातले, बटा कपाळावर ओढल्या. बाहुली अशी दिसू लागली की काकूंनी स्वतःचीच दृष्ट काढली असती.

तेवढ्यात दारातून काका धापा टाकत आले. "सगळी दुकानं पालथी घातली! कुरळे नाहीतच. ही साधी लोकर आणली."

काकूंनी आधी लोकरीकडे पाहिलं, मग बाहुलीकडे. मग खुंटीवर काय होतं?

आतल्या खोलीचं दार उघडलं. राहायला आलेल्या वन्सं, म्हणजे काकांच्या थोरल्या बहीण, डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आल्या. ह्या वयातही एक पांढरा केस नाही, म्हणून सगळं गोत ज्यांचं कौतुक करायचं, त्या वन्सं!

"अगं, बाथरूममध्ये माझे..." त्यांची नजर बाहुलीवर गेली. "माझे केस!!"

"तुझे तर डोक्यावर..." काका म्हणाले, आणि टॉवेल घसरला. खाली बोटभर पांढरं गवत!

काकूंच्या हातून कात्री पडली. काका मटकन खुर्चीत बसले; खुर्ची तिथे होती हे नशीब.

"वन्सं, तुम्ही कधी बोलला नाहीत!"

"मग काय दारावर पाटी लावू?"

आणि बेल वाजली! वन्संनी टॉवेल डोक्यावर ओढला. डॉक्टरीणबाई लेकीला घेऊन आत आल्या. "बाहुली अजून..." काकू चाचरल्या, पण पोरीने ती पाहिली होती. तिने हळूच एक बट ओढली, सोडली. बट टुणकन उडाली.

"आई, हे काथ्यासारखे नाहीत! किती छान आहेत! आणि माझ्यासारखेच आहेत!"

काकूंनी भीत भीत वन्संकडे पाहिलं. वन्संनी टॉवेलची गाठ घट्ट केली.

"ने हो, बाळ. फक्त गरम पाण्याने धुऊ नकोस. आणि विंचरताना टोकाकडून सुरुवात कर."

"तुमच्या घरात सगळ्यांनाच ह्यातलं कळतं!" डॉक्टरीणबाई भारावून म्हणाल्या.

दार लागताच काकूंनी वन्संचे पाय धरले. "उठ गं," वन्सं डोकं खाजवत म्हणाल्या, "मेलं उन्हाळाभर डोकं शिजत होतं."

काका अजून बहिणीकडे टक लावून पाहत होते. त्यांचे डोळे भरून आले.

"ताई, तू अशी हुबेहूब आपल्या..."

"आईसारखी दिसते ना रे?" वन्संनी डोळ्यांना पदर लावला.

"नाही गं," काका हुंदका आवरत म्हणाले, "बाबांसारखी!"



टॉवेल काकांच्या तोंडावर बसला. ओला होता!