साडेसात ते आठची वहिवाट

मालिका बंद झाली की वाहिनी तिचा अर्धा तासही परत घेऊन जाते, हे आमच्या गडहिंग्लजात सगळ्यांना माहीत आहे. साडेसहाची मालिका गेल्या दिवाळीत बंद झाली, तेव्हापासून गावात साडेसहानंतर थेट सात वाजतात. सुरुवातीला घरोघरी भात कच्चा राहायचा. मग बायकांनी कुकर लवकर लावायला सुरुवात केली आणि तक्रारी थांबल्या.

साडेसातच्या मालिकेचा नंबर लागणार अशी कुणकुण लागली, तेव्हा मात्र मी धास्तावले. मालिकेचं मला काही नाही. तिच्यातली थोरली सून चार वर्षं एकच ताट घेऊन जिना उतरते आहे. पण माझे सासू-सासरे, म्हणजे आत्ती आणि मामंजी, दिवसभरात एकमेकांशी बोलतात ते फक्त त्या अर्ध्या तासात. भांडण वगैरे काही नाही. मामंजी साखर कारखान्यातून निवृत्त होऊन घरी बसले आणि दोघांचं बोलणं हळूहळू माझ्यामार्फत व्हायला लागलं. "त्यांना सांग, पाणी तापलंय." "तिला म्हणावं, आलो." साडेसातला आत्ती मेथीची जुडी घेऊन टीव्हीपुढे बसतात, मामंजी खुर्ची ओढतात, आणि थोरल्या सुनेचं कुठं चुकलं यावर दोघं कडाकडा वाद घालतात. आठ वाजले की पुन्हा मी.

मुदतवाढ द्यायची की नाही हे वाहिनी पाहणी करून ठरवते. गावातलं एक घर निवडायचं, अर्धा तास तिथं बसायचं आणि कोण किती बघतं ते लिहून न्यायचं. यंदा आमचं घर निघालं. वाहिनीचे अधिकारी श्री. भोगटे येणार त्याच्या आदल्या दिवशीच मी दोघांना बजावलं, की पडद्याकडे बघायचं आणि तोंड उघडायचं नाही.

दहा मिनिटं दोघंही शहाण्यासारखी गप्प बसली. मग थोरली सून जिना उतरू लागली.

"बघा, निघाली," मामंजी म्हणाले.

"निघंल न्हाईतर काय करंल बिचारी?" आत्ती उसळल्या. "वर बसून ऱ्हाईल?"

भोगट्यांनी मान वर केली. "आपण मालिका ऐकत नाही?"

"ऐकतंय कोण?" आत्ती म्हणाल्या. त्यांना खोटं बोलता येत नाही, हा आमच्या घराला शापच आहे. "आवाज बारीकच ठेवतो आम्ही. न्हाईतर ह्यांचं बोलणं कुठलं कानावर पडायला?"

भोगट्यांनी ते शब्दशः लिहून घेतलं आणि चहा न घेता गेले. पंधरा दिवसांनी पत्र आलं. मालिका बंद करण्यात येत आहे, तरी साडेसात ते आठ हा काळ एक तारखेला वाहिनीच्या ताब्यात द्यावा.

एक तारखेला सव्वासातला भोगटे ताबापावती घेऊन हजर. गल्लीत बाकी सगळ्यांनी सह्या करून टाकल्या होत्या. शेजारच्या मालूताईंनी तर "घेऊन जावा एकदाचा" म्हणत त्यांना लाडू दिला होता.

"अर्धा तास रिकामा करून द्यायचा असतो," भोगटे म्हणाले. "आत कोणी बोलत असेल तर ताबा घेता येत नाही."

"आणि बोलतच राहिलं तर?" मी विचारलं.

त्यांनी नियमांचं पुस्तक बराच वेळ चाळलं. "तर वहिवाट धरावी लागेल. पंचनामा करून अर्धा तास त्यांच्याकडेच ठेवायचा. पण मालिका नसताना बोलायला हवं, आणि एकमेकांशी. मध्यस्थ चालत नाही." पुस्तक मिटून ते म्हणाले, "असं आजवर कोणी केलेलं नाही."

साडेसात वाजले. टीव्ही काळा होता. आत्तींच्या मांडीवर मेथी होती, मामंजी खुर्चीत होते, आणि दोघांनाही काय बोलावं ते सुचत नव्हतं. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. भोगट्यांनी पेनाचं टोपण काढलं. मला रडू यायचं बाकी होतं.

मामंजी खाकरले. "मेथी जून निघाली वाटतं."

"तुम्हीच आणलीया."

"कोवळी मागितली हुती. त्यानं ही दिली." मग खाली बघत ते म्हणाले, "गोळी घेतलीस का?"

आत्तींचा हात थांबला. हा प्रश्न तीन वर्षं माझ्यामार्फत येत होता.

"घेतली की. तुमचा गुडघा?"

"जिना चढताना कळतंय."

"मग सांगायचं न्हाई व्हय? मी आपली रोज माडीवर धाडतीया वाळवण आणायला!"

"तू कुठं धाडतीस? ही सांगतीया."

"मीच सांगते तिला सांगायला!"

त्यानंतर मी निर्धास्त झाले आणि कुकर लावायला गेले. परत आले तेव्हा गुडघ्यावरून गाडी जोतिबाच्या डोंगरावर पोचली होती, लग्नानंतर पहिल्यांदा गेले तेव्हा कुणाची चप्पल हरवली होती यावर. दोघंही हसत होती. आठ वाजले तरी चपलेचा निकाल लागला नव्हता.

भोगट्यांनी ताबापावती फाडली. पंच म्हणून मालूताईंना बोलावलं, पण त्यांच्याकडे साडेसातनंतर लगेच आठ वाजले होते, त्यांनी काहीच पाहिलेलं नव्हतं. शेवटी मीच सही केली.

आता गल्लीत तो अर्धा तास फक्त आमच्या घरात आहे. मालूताई रोज साडेसातला कुकर घेऊन येतात आणि भात शिजला की निघून जातात. दोघांच्या बोलण्यात त्या पडत नाहीत.

गेल्या सोमवारी वाहिनीचं पत्र आलं. आपल्या संभाषणास एक वर्षाची मुदतवाढ देण्यात येत आहे. मामंजींनी पत्र माझ्याकडे दिलं नाही. ते सरळ स्वयंपाकघरात गेले आणि आत्तींना वाचून दाखवलं. तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते.

"एकच वर्ष?" आत्ती म्हणाल्या.

मामंजींनी चष्मा पुसला आणि पाटावर कागद ठेवून अर्ज लिहायला घेतला.

"किती लिहू?"

"लिहा की मावतील तेवढी."